खळ्यातली माती

बाईजाला निवांत बसलेली साखरमाळात कुणी पाहिलेली नाही. भाकर खाते तीसुद्धा दाराच्या चौकटीला टेकून, उभ्यानं. लग्नघरी गेली की बायकांच्या गप्पा रंगेपर्यंत तिनं मांडव दोनदा झाडून काढलेला असतो. मुरबाडहून जीपनं येताना सीटवर जागा असली तरी ती कडेला अर्धीच टेकते आणि पिशवी हातातच धरून ठेवते. पासष्टी ओलांडली, गुडघे कुरकुरतात, तरी तिचं आपलं चालूच. शेजारणी म्हणतात, बाईजाच्या पायाला भिंगरी आहे. सून नम्रता म्हणते, आईंना बसवलं तर त्या आजारी पडतील. नम्रताला वाटतं आपण थट्टा करतोय, पण खऱ्या कारणाच्या सगळ्यांत जवळ तीच पोचली होती. बाईजा बसली की तिला आठवतं, आणि आठवू नये म्हणून ती उभी राहते.

गोष्ट चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची. मार्गशीर्षाचे दिवस होते, भात झोडून कणग्यांत भरलं होतं. बाईजा एकवीस वर्षांची, कडेवर आठ महिन्यांचा सुनिल. तिचा सासरा मंगळू आणि शेजारचा गोमा यांच्यात उंबराच्या दळीवरून वाद पेटला होता. दळी म्हणजे जंगलातला डोंगरउताराचा तुकडा, जिथे नाचणी-वरी पेरतात. सातबारा नाही, नकाशा नाही. बाप पेरत होता म्हणून मुलगा पेरतो, एवढाच काय तो पुरावा. मधल्या उंबराच्या झाडापासून खालच्या ओढ्यापर्यंत एक पट्टी होती. गोमा म्हणे, ती माझ्या बापानं साफ केली. मंगळू म्हणे, माझ्या. पंचांनी दोघांचं ऐकून घेतलं, दोन दिवस डोकं खाजवलं, आणि शेवटी पूर्वापार करत आले तेच ठरवलं. मंगळूनं शीव चालायची.

शीव चालण्याची रीत अशी. ज्या जमिनीचं भांडण, त्या जमिनीतलं ढेकूळ त्या घरच्या बाईनं पहाटे खणायचं, कुणाशी न बोलता. घरचा कर्ता माणूस आंघोळ करून ओल्या धोतरानं वाघोबाच्या दगडापाशी उभा राहतो. ढेकूळ पाटीत आणि पाटी डोक्यावर. तो चालू लागतो, मागून पंच चालतात. तो जिथे थांबून ढेकूळ खाली ठेवील तिथे शीव. त्यानंतर पौषात म्हसा गावची जत्रा होईपर्यंत कुणी काही बोलत नाही, सगळे दोन्ही घरांकडे बघत राहतात. ज्याच्या घरी या दिवसांत वाईट झालं तो खोटा. म्हशाचा देव उठला, म्हणजे जत्रा संपली, की निकाल लागला. त्यावर पुन्हा अपील नाही, वकील नाही, तारीख नाही.

आदल्या संध्याकाळी बाईजा चुलीपाशी होती. मंगळू आत आला आणि हळूच बोलला, "ढेकूल खळ्यातला आन."

तिला वाटलं म्हातारा चुकला. "दळीतला ना, मामा?"

"खळ्यातला. आपल्या खळ्यातला." आणि तो बाहेर निघून गेला.

सासऱ्याला उलटून विचारायची त्या काळी रीत नव्हती, आणि बाईजा तशी नवीच होती. पहाटे तिनं खळ्याच्या कोपऱ्यातली माती खणली. शेणानं सारवलेली, काळपट, भाताचा काड चिकटलेली माती. वाघोबापाशी पाटी सासऱ्याच्या डोक्यावर देताना तिला एकदम उलगडलं. देव धरणार तो मातीला. भांडणाची मातीच डोक्यावर नसली तर देव कुणाला आणि कशाला धरणार? कायद्यातली पळवाट शोधायला वकीलच व्हावं लागतं असं नाही. मंगळू कधी शाळेची पायरी चढला नव्हता.

मंगळू चालला. उंबरापाशी थांबायला हवं होतं, तो थांबला नाही. सरळ ओढ्यापर्यंत गेला आणि काठावर ढेकूळ ठेवलं. पंच मागे, गोमा मागे. गोमानं खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "ह्याच्यात काड दिसतो भाताचा. दळीत भात कवा झाला?" पंचांनी त्याला गप्प केलं. शीव चालून झाल्यावर तोंड उघडायचं नाही, हाही नियमच होता.

मग ते दिवस सुरू झाले. तिसऱ्या आठवड्यात सुनिलला ताप भरला. अंग तव्यासारखं, दूध पिईना, डोळे वर जायला लागले. बाईजा त्याला मांडीवर घेऊन बसली. एवढं बसणं ती त्यानंतर कधी बसली नाही. तिनं मनात ठरवलं, सकाळ झाली की पंचांकडे जायचं आणि माती कुठली ते सांगायचं. सकाळी ताप थोडा उतरला, म्हणून ती दुपारपर्यंत थांबली. दुपारी पोरगं दूध प्यायलं, म्हणून ती उद्यापर्यंत थांबली. चौथ्या दिवशी गावात ओरडा झाला. गोमाचा पोवळा, म्हणजे तांबूस रंगाचा बैल चरताना पान लागून मेला होता. पान लागलं म्हणजे साप चावला, सापाचं नाव इकडे कुणी घेत नाही. बाईजाचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्याच्या दारात बैल मरून पडलेला, त्याची बायको छाती बडवत असलेली, आणि आपल्याला बरं वाटलं, हे तिनं स्वतःला कधीच माफ केलं नाही.

गोमाचं घर खोटं ठरलं. कुणी मारलं नाही, वाळीत टाकलं नाही, पण त्याला पुन्हा कधी पंचांत बसवलं नाही. त्याच्या घरचं बियाणं कुणी मागून नेईना. दिवाळीआधी वाघबारशीला वाघोबापुढे घराघराचे नारळ फुटतात, त्यात गोमाचा नारळ तिसरा होता, तो सगळ्यांत शेवटी गेला. पहिल्या वर्षी गोमा भांडला. दुसऱ्या वर्षी गप्प उभा राहिला. तिसऱ्या वर्षी स्वतःच शेवटी जाऊन थांबला. काड दिसला होता हेही त्यानं पुढे कुणाला सांगितलं नाही. मंगळू मात्र नव्वदीपर्यंत जगला, सगळे दात शाबूत ठेवून, आणि झोपेत गेला. देवाच्या दरबारात निकाल कसे लागतात याचा बाईजानं तेव्हा बराच विचार केला, पण तिला धड उत्तर सापडलं नाही. नवऱ्यालाही तिनं सांगितलं नाही. आठ वर्षांपूर्वी तो गेला, चार वर्षांपूर्वी गोमा गेला. माती कुठली ते ठाऊक असलेली ती एकटीच उरली.

सगळ्यांत कठीण गोष्ट म्हणजे चंदा. गोमाची बायको. दोघी एकाच वर्षी सून म्हणून आल्या, एकाच पाणवठ्यावर हंडे भरले, एकमेकींची बाळंतपणं केली. चंदानं मंगळूच्या घराशी वैर धरलं नाही. ती म्हणायची, "देवानं ठरवलं, त्यात तुजा काय गो?" बाईजा झाडू शोधायला उठायची.

आता हे सगळं जुनं झालं म्हणावं, तर वनहक्काचा दावा आला. जंगलातली दळी दोन हजार पाचच्या आधीपासून कसत असाल तर तुमच्या नावावर होते, असा कायदा आहे. सुनिलनं दावा टाकून सहा वर्षं झाली. सुनिल मुरबाडला कंपनीत कंत्राटावर जातो, आणि आज आहे ते काम उद्या असेलच असं नाही. त्या पट्टीत त्यानं आंब्याची चाळीस कलमं लावली आहेत, डोक्यावरून पाणी वाहून जगवली आहेत. कागद नाही तोवर कुणीही येऊन ती उपटू शकतो. म्हणून तो दाव्यामागे हात धुऊन लागला होता. यंदा वरच्या समितीनं दावा शेरा मारून परत पाठवला. या जागेच्या जुन्या दंडपावतीवर दुसऱ्याचं नाव दिसतं, खुलासा करावा. वनखात्यानं साठ वर्षांपूर्वी अतिक्रमण म्हणून दंड केला होता, आणि पावतीवर नाव होतं गोमाच्या बापाचं.

"कागदावर खरं व्हतं तर," बाईजा पुटपुटली. तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं.

खुलासा कसा करायचा, तर गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा जबाब लागतो, आणि ते माणूस दावेदाराच्या घरचं चालत नाही. साखरमाळात एवढी जुनी आठवण असलेलं दुसरं माणूस एकच होतं. वनहक्क समितीचा अध्यक्ष दिपेश चंदाकडे गेला आणि चंदा लगेच हो म्हणाली. मंगळू शीव चालला, देवानं कौल दिला, माझा नवरा खोटा ठरला, ती पट्टी मंगळूचीच. हे ती आपल्या तोंडानं सांगणार आणि खाली अंगठा देणार. म्हशाच्या जत्रेनंतर चौथ्या दिवशी स्थळपाहणी ठरली. तलाठी येणार, वनखात्याचा गार्ड हद्द मोजायची मशीन घेऊन येणार, तिथंच जबाब.

जबाबाचा मजकूर लिहायचं काम माधुरीकडे आलं. माधुरी ही सुनिलची थोरली, कल्याणला वकिलीच्या पहिल्या वर्षाला. सकाळच्या पहिल्या जीपनं जाते, संध्याकाळी परत येते. ती ओट्यावर कागद पसरून बसली होती आणि बाईजा तिच्याभोवती अंगण झाडत होती. सकाळीही झाडलेलं होतं.

"आजी, शीव चालतात ना, ते आमच्या पुस्तकात पण आहे," माधुरी म्हणाली. "जुन्या काळात गावोगाव असंच करायचे. त्याला दिव्य म्हणायचे. राजाचे न्यायाधीश पण ते मानायचे."

झाडू थांबला. "पुस्तकात लिवलाय?"

"हो. डोक्यावर माती, ओले कपडे, ठरलेले दिवस. सगळं."

"मंग कुनी दुसरीकडची माती घेतली तर काय व्हतं, ते लिवलाय?"

माधुरी हसली. "ते कोण सांगेल लिहून? एवढंच आहे की ठरल्या दिवसांत ज्याच्या घरी वाईट झालं तो खोटा."

"आन खऱ्याच्याच घरी वाईट झाला तर?"

"तर तो खोटा ठरला."

"पन तो खरा हाय ना."

माधुरीनं पेन खाली ठेवलं. आजी कधी एवढे प्रश्न विचारत नसे. "आमचे सर सांगतात, माणसाला उगाच आलेलं दुःख सोसवत नाय. काहीतरी चूक केली असणार म्हणून आलं, असं ठरलं की त्याला जरा बरं वाटतं. मग ती चूक तो स्वतःच शोधून काढतो, नसली तरी."

बाईजाला शेवटी जाऊन थांबलेला गोमा दिसला, हातात नारळ घेऊन. ती पुन्हा झाडायला लागली आणि झाडता झाडता म्हणाली, "कायद्यानं ती पट्टी कुनाची?"

"आपली. कायदा एवढंच विचारतो की दोन हजार पाचच्या आधीपासून कोण कसतं. आपणच कसतो. बाकी कोण खरं, कोण खोटं, त्याच्याशी कायद्याला घेणं नाय. चंदाआजीचा जबाब फक्त ती पावती निस्तरायला पाहिजे."

म्हणजे गप्प राहिलं तरी जमीन जाणार नव्हती. उलट बोललं तर सगळं अडकणार होतं. बाईजाला वाटलं आपण सुटलो. अंगण झाडून होईपर्यंत तिला तसं वाटत राहिलं. मग माधुरीनं लिहिलेला मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. त्यात एक ओळ होती: माझे पती गोमा यांनी सदर पट्टीवर केलेला दावा खोटा होता. सरकारी कागदावर, गोमाच्या बायकोच्या अंगठ्यानिशी. बाईजानं नळाखाली पाय धुतले आणि कारण नसताना पुन्हा धुतले.

म्हशाच्या जत्रेला ती गेली ती मनात एकच ठेवून. माणसांना सांगवत नाही तर निदान देवाला सांगू, मग तो काय ते बघेल. रांगेत दीड तास गेला. देवळात पोचली, हात जोडले, तोंड उघडलं, तेवढ्यात स्वयंसेवकानं खांद्याला धरून पुढे सरकवलं. "चला आजी, थांबू नका, मागं लाइन हाय." चव्वेचाळीस वर्षांचं ओझं उतरवायला दोन क्षण मिळाले आणि ते नमस्कारातच गेले. बाहेर ती घोंगड्यांच्या दुकानांतून, जिलबीच्या गाड्यांमधून नुसती फिरत राहिली. जनावरांच्या बाजारात एक तांबूस बैल बांधलेला होता, शिंगांना लाल रंग, कपाळावर पांढरा टिळा. ती त्याच्यापुढे एवढा वेळ उभी राहिली की मालकानं विचारलं, "घ्यायचाय का मावशी?"

"नाव काय ह्याचा?"

"राजा."

"बरा हाय," ती म्हणाली आणि घरी आली.

पुढचे तीन दिवस नम्रतानं सासूला तीन वेळा विचारलं, बरं नाही का? बाईजानं कणगी उतरवून पुन्हा रचली. भांडी घासलेली घासली. दोनदा चंदाच्या दारापर्यंत गेली आणि तिथून परत आली. दुसऱ्या वेळेला चंदानं आतून हाक मारली, "बाईजे, ये ना गो, चा करते." बाईजा म्हणाली, चूल पेटती ठेवून आल्ये, आणि निघाली. चंदाला त्यात नवल वाटलं नाही. बाईजा अशीच, हे सगळ्यांनी कधीच मान्य केलेलं होतं.

स्थळपाहणीच्या दिवशी सकाळी ती घरात नव्हती. सुनिलला वाटलं, पुढे गेली असेल. तलाठी आला, गार्ड आला, दिपेश समितीची दहा-बारा माणसं घेऊन आला. चंदा उंबराखाली बसून होती, नवं लुगडं नेसून. तिचा मुलगा शेखर, जो कल्याणची जीप चालवतो, त्यानं आज खाडा करून आईला आणलं होतं. माधुरीच्या हातात जबाबाचा कागद आणि शाईचा पॅड होता. गार्डनं मशीन चालू केली आणि म्हणाला, चला, हद्द दाखवा, कुठून सुरू करायचं?

तेव्हा वरून, वाघोबाच्या दगडाकडून, बाईजा येताना दिसली. अंगावर ओलं लुगडं, थंडीनं ओठ निळे पडलेले, डोक्यावर पाटी. पाटीत तांबडी मुरमाड माती. पहाटे येऊन तिनं ती खणली होती, याच पट्टीतली.

"आये, हा काय?" सुनिल पुढे झाला.

ती थांबली नाही. समितीतला एक म्हातारा ओरडला, "बाया शीव नाय चालत. रीत नाय ती."

"रीत मना ठाव हाय," बाईजा चालता चालता म्हणाली. "गेल्या येळंला बाईनं ढेकूल खनला आन बाप्या चालला. आज दोनी कामा मीच करते."

गार्डला काही कळलं नाही, पण हद्द दाखवणारं कुणीतरी चालतंय हे त्याला कळलं. तो मशीन घेऊन तिच्या मागे निघाला. त्याच्या मागून समिती, तिच्या मागून सुनिल. बाईजा उतारावरून सरळ उंबरापाशी आली आणि थांबली. ओढा अजून बराच खाली होता. तिनं दोन्ही हातांनी पाटी उतरवली आणि ढेकूळ चंदाच्या पायांपुढे ठेवलं.

"सीव हितं हाय," ती म्हणाली. "हिच्या खालची पट्टी गोमाभावजींची. सासरा चालला तवा पाटीत दळीची माती नव्हती. आमच्या खळ्यातली व्हती. त्यानं सांगितला न् मी खनली. गोमाभावजी खोटं नव्हतं."

सुनिल कलमांकडे बघत राहिला. पहिल्या वर्षी त्यातली नऊ जळाली होती, ती त्यानं पुन्हा लावली होती. तलाठ्यानं घसा खाकरून विचारलं, "म्हणजे दावा मागे घेता का तुम्ही?" बाईजाला त्याचं काय सांगायचं ते माहीत नव्हतं. ती चंदाकडे बघत होती. चंदा ढेकळाकडे बघत होती. मग ती उठली, लुगड्याला मागून लागलेला धुरळा झटकला, आणि वाडीकडे चालू लागली. शेखर आईमागे गेला. दिपेशनं वहीत लिहिलं, हद्द वादग्रस्त, निर्णय ग्रामसभेत. गार्डनं मशीन बंद केली.

घरी सुनिल आईशी बोलला नाही. पाणवठ्यावरून मात्र बोलणं निघालं आणि दुपारपर्यंत प्रत्येक घरात पोचलं. काहींनी मंगळूला शिव्या दिल्या. काही म्हणाले, म्हातारी भ्रमली. एकानं तर विचारलं की मग तो बैल कशानं मेला? हा प्रश्न बऱ्याच जणांना पटला. बैल सापानं मेला, हे उत्तर कुणालाच पुरेना.

ऊन कलल्यावर बाईजा चंदाच्या घरी गेली. या वेळी दारातून परतली नाही. चंदा भिंतीला टेकून बसली होती. समोर खुंटीवर गोमाची काठी अजून होती. बाईजा उभीच राहिली.

"बस," चंदा म्हणाली.

बाईजा बसली.

चंदानं गोमाच्या काठीकडे बघितलं. मग तिनं विचारलं, "तो जित्ता व्हता तवा का नाय आलीस?"

"पोराला ताप व्हता. मंग पोर बरा झाला. मंग..." बाईजाचा हात समोरची जमीन झाडू लागला. "भ्यायले, चंदे. मंग लाज वाटली. लाज जुनी झाली का ती आजूनच वाटते."

"मरायच्या आदल्या दिवशी त्यानं मना जवळ बोलवला," चंदा म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. "ठाव हाय काय बोलला? बोलला, चंदे, त्या ढेकलात काड नव्हता. मनाच उगाच दिसला. माज्या मनात खोट व्हती म्हनून दिसला. मी बोलले, आसंल." ती थांबली. "मी बोलले, आसंल. मी त्याची बायको. मी बोलायला पायजे व्हता ना, का नाय, काड तुला खराच दिसला व्हता?"

बाईजाचा चेहरा वेडावाकडा झाला. उठून जावं असं तिच्या पायांना वाटत होतं, पण चंदानं बस म्हटलं होतं, म्हणून ती बसून राहिली.

"व्हता," ती शेवटी म्हणाली. "काड व्हता. डोळ्यांनी पायला मी. त्याला बराबर दिसला."

चंदानं डोळे मिटले. पुन्हा उघडले तेव्हा तिनं बाहेर हाक मारली. आजीमागून आलेली माधुरी दारात कधीपासून उभी होती. सकाळचा कागद आणि पॅड तिच्याकडेच होते.

"माज्या जबाबात काय लिवलाय ते खोड," चंदा म्हणाली. "जमीन कुनाची ते ग्रामसभा बघंल. तुज्या बापाची झाडा उपटायला मी येत नाय. दुसरा लिव. गोमा खोटा नव्हता. ढेकलात काड व्हता."

माधुरीनं कागद उलटसुलट केला. "चंदाआजी, ह्या फॉर्ममध्ये त्यासाठी जागा नाय. इथे फक्त जमिनीचं विचारलंय."

"मागला कागद कोरा हाय ना?"

"हो."

"मंग मागं लिव."

माधुरीनं मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. दोनच ओळी. त्यांचा कायद्याला काही उपयोग नव्हता, हे तिला ठाऊक होतं, तरी तिनं तारीख घातली आणि गावाचं नाव घातलं. चंदानं पॅडवर अंगठा टेकवला आणि कागदावर उठवला. मग तिनं पॅड बाईजापुढे सरकवला.

बाईजाचे अंगठे कामानं झिजलेले. रेशनच्या मशीनवरही ते धड उठत नाहीत. तिनं शाई लावली आणि कागदावर टेकवला.

चंदानं कागद उजेडाकडे नेऊन बघितला. "फिका उठला," ती म्हणाली. "परत दे."

बाईजानं परत दिला.